मापं विकणारा शिंपी : एबेनेझर बटरिक

गेल्या नाताळात टोरांटोहून आलेल्या मावशीनं माझ्यासाठी एक पाकीट आणलं. आत फ्रॉकचा पेपर पॅटर्न होता. पतंगाच्या कागदापेक्षाही पातळ असा तपकिरी कागद, घडीवर घडी घातलेला. उलगडला तर आमचं जेवणाचं टेबल पुरेना. त्यावर एकात एक गुंतलेल्या रेषा, बाण, काळे त्रिकोण आणि प्रत्येक रेषेवर एक आकडा. मी माझ्या छातीच्या मापाची रेषा धरली, कापड बेतलं, दोन दिवस मशीनवर बसून शिवलं आणि घातलं. उजवीकडून झकास. डावीकडे मात्र गळ्यापासून काखेकडे एक तिरकी घडी पडली होती आणि मुंढा खाली लोंबत होता.

कारण मला माहीत होतं. माझ्या मणक्याला थोडा बाक आहे, त्यामुळे डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. शाळेत असताना युनिफॉर्मचं माप घेणाऱ्या एका शिंप्यानं मला तीन वेळा नीट उभी राहा म्हणून सांगितलं होतं. मी नीटच उभी होते.

शामांयनं (आमच्याकडे आजीला शामांय म्हणतात) फ्रॉक बघितला, काही बोलली नाही, सरळ डाव्या खांद्याची शिवण उसवायला घेतली. तिनं बेळगावात कॅम्पमधल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवलेत. तिच्या मशीनमागच्या खिळ्याला अजूनही तरुण भारतच्या जुन्या अंकांतून कापलेले पाठ, पुढा, बाही असे कागद लटकतात. त्यावर पेन्सिलीनं माणसांची नावं असतात. आकडे नसतात.

मग मला प्रश्न पडला की नावाच्या जागी आकडा पहिल्यांदा कोणी लिहिला असेल? त्या शोधात जो माणूस भेटला, त्याच्याविषयी हा लेख. साहित्य मंडळाच्या अंकात शिंप्याचं चरित्र कशाला, असं कुणाला वाटेल. पण हा शिंपी पुढे मासिकवालाही झाला, त्यामुळे अगदीच परका नाही.

एबेनेझर बटरिक २९ मे १८२६ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टर्लिंग नावाच्या छोट्या गावात जन्मला. वडील सुतार, आणि हा सात भावंडांत शेवटचा. तो शिवणकाम शिकला, शिंपी झाला, एलेन ऑगस्टा पोलार्ड या मुलीशी त्याचं लग्न झालं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पुरुषांचे शर्ट आणि सूट शिवणारा गावातला एक शिंपी, एवढंच.

त्याचं महत्त्व कळायला त्या काळात घरी कपडे कसे शिवत ते आधी बघायला हवं. पुरुषांचे कपडे शिंप्याकडे. बायकांचे आणि मुलांचे बहुतेक घरी, किंवा ऐपत असेल तर घरी येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडून. नवा फ्रॉक हवा असला की जुना उसवायचा, त्याचे तुकडे कागदावर ठेवून आखून घ्यायचे आणि त्यावरून बेतायचं. किंवा अस्तराचं स्वस्त कापड थेट अंगावर टाचण्यांनी बसवायचं. मासिकांत आकृत्या यायच्या. गोडीज लेडीज बुक या गाजलेल्या मासिकात फ्रॉकच्या भागांची चित्रं छापत, पण ती तळहाताएवढी; कुठली बाजू किती इंच ते शेजारी लिहिलेलं. त्यावरून पूर्ण मापाचा कागद तयार करणं हे ज्याचं त्यानं बघायचं. न्यूयॉर्कच्या एलेन डेमोरेस्ट या बाईंनी १८६० पासून आपल्या फॅशनच्या मासिकात खरोखरचा टिश्यू पेपरचा पॅटर्न घालून द्यायला सुरुवात केली. ही मोठीच सोय होती. पण अंकातला कागद एकाच मापाचा. तुमचं माप तेच असेल तर नशीब. नसेल तर पुन्हा डोकेफोड.

ही डोकेफोड नेमकी काय असते, ते सांगते. समजा तुमच्या हातात ३२ इंच छातीचा कागद आहे आणि तुम्हाला ४० इंच छातीसाठी शिवायचं आहे. ४० म्हणजे ३२ पेक्षा पावपटीनं जास्त. मग सगळंच पावपटीनं वाढवलं तर? पाच इंचाचा तीरा सव्वासहा इंचाचा होईल आणि बाही दंडावर ओघळेल. मानेपासून कंबरेपर्यंतची पाठ पंधरा इंचांवरून पावणेएकोणीसवर जाईल, म्हणजे फ्रॉकची कंबर बाईच्या कुल्ल्यांवर येईल. माणूस जाड झाला म्हणून त्याचे खांदे त्याच प्रमाणात रुंद होत नाहीत आणि पाठ तर लांब होतच नाही. छाती भराभर वाढते, गळा थोडा वाढतो, तीरा अगदी नावाला वाढतो. प्रत्येक भागाचा वाढण्याचा वेग वेगळा. हे गणित शिंप्यांना सरावानं येत असे. घरात मुलाचा फ्रॉक शिवणाऱ्या आईला ते कोण शिकवणार?

आता बटरिककडे. गोष्ट अशी सांगतात, की १८६३ च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, एलेन जेवणाच्या गोल टेबलावर चौकड्याचं कापड पसरून बसली होती. तिला आपल्या लहान मुलासाठी, हॉवर्डसाठी, फ्रॉक बेतायचा होता. (तेव्हा लहान मुलगेही फ्रॉकच घालत.) खडूनं आखताना ती वैतागून नवऱ्याला म्हणाली, की मुलाच्या नेमक्या मापाचा कागद मिळाला असता तर हे किती सोपं झालं असतं. ही हकिकत पुढे कंपनीनंच वर्षानुवर्षं सांगितली, त्यामुळे ती थोडी इस्त्री केलेली असणार. पण मला त्यातली एक गोष्ट पटते: ही अडचण शिंप्याला सुचणं शक्य नव्हतं, कारण शिंप्याला ती अडचण नव्हतीच. ती त्याच्या बायकोला होती.

काळही जुळून आला होता. शिवणयंत्र नवं होतं: एलायस हाऊला १८४६ मध्ये पेटंट मिळालं, आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये, आणि सिंगरनं १८५६ पासून हप्त्यावर मशीन द्यायला सुरुवात केल्यामुळे ते साध्या घरांतही पोहोचू लागलं होतं. टीप मारायचं काम झटपट व्हायला लागलं, पण बेतायचं काम होतं तिथेच अडलेलं. शिवाय अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. हजारो सैनिकांचे गणवेश एकेकाचं माप घेऊन शिवणं अशक्य, म्हणून ठराविक मापांत कपडे करायची सवय देशाला लागत होती.

एबेनेझर कामाला लागला. त्यानं आधी जाड पुठ्ठ्याचे साचे केले, एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांत, प्रत्येक भाग त्याच्या-त्याच्या वेगानं वाढवत. गणित बरोबर आलं, पण पुठ्ठ्याची घडी घालून टपालानं पाठवता येईना. शेवटी टिश्यू पेपर. हलका, स्वस्त, आणि एकावर एक थर रचून एकदम कापता येणारा. घरातल्यांनीच कागद कापले, घड्या घातल्या, आणि जून १८६३ मध्ये मापवार पॅटर्न विक्रीला निघाले.

पहिले पॅटर्न पुरुषांचे आणि मुलग्यांचे होते, म्हणजे त्याला ज्या शिवणकामाची सवय होती तेच. त्यातला मुलग्यांचा गॅरिबाल्डी सूट धडाक्यात खपला. गॅरिबाल्डी म्हणजे १८६० मध्ये हजारभर लालडगलेवाले घेऊन सिसिली जिंकणारा इटालियन सेनापती. हा माणूस पोपच्या राज्यावर चालून गेलेला, त्यामुळे आमच्या फादरांना तो कितपत आवडेल याची शंकाच आहे; पण अमेरिकेतल्या आयांना आपल्या पोरांना त्याच्यासारखं सजवायची भारी हौस होती. घर पुरेना, म्हणून बटरिक मंडळी फिचबर्गला मोठ्या जागेत गेली. १८६४ मध्ये न्यूयॉर्कला, ब्रॉडवेवर, ऑफिस थाटलं. बायकांच्या कपड्यांचे पॅटर्न १८६६ पासून आले आणि मग धंदा खऱ्या अर्थानं सुटला. ज्या बाईच्या मुलाच्या फ्रॉकवरून हे सुरू झालं, तिच्या स्वतःच्या मापाचा कागद निघायला तीन वर्षं जावी लागली, हे मला जरा गमतीशीर वाटतं.

हे जुने पॅटर्न आजच्यासारखे नव्हते. त्यांच्यावर काहीही छापलेलं नसे. कोरा कागद, त्यात पाडलेली भोकं आणि काठावर कापलेल्या छोट्या खाचा. खाचेला खाच जुळवायची; भोकांच्या रांगेवरून कळायचं की इथे चुणी, इथे टक्स, इथे कापडाचा उभा धागा. सोबत एक छोटी चिठ्ठी. बाकी तुमची अक्कल.

आणि कागद अर्ध्याच अंगाचा असायचा. अर्धी पाठ, अर्धा पुढा, एक बाही. कापड दुहेरी घालायचं, घडीवर कागदाची कड ठेवायची, एकदम कापायचं. उलगडलं की दुसरी बाजू आपोआप तयार. कागद वाचतो, वेळ वाचतो, टपालखर्च वाचतो. आजही असंच करतात. माझ्या पाकिटातही तेच होतं. या घडीत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती म्हणजे माणसाची डावी बाजू उजवीसारखीच असते.

बटरिकच्या कंपनीच्या मासिकात प्रत्येक फ्रॉकच्या वर्णनाखाली मापं दिलेली असत. बायकांच्या पोलक्याचा कागद बऱ्याचदा तेरा मापांत, छाती २८ इंचांपासून ४६ इंचांपर्यंत. घागऱ्याचा नऊ मापांत, कंबर २० पासून ३६ पर्यंत. लहान मुलांचा वयावर. किंमत साधारण पंचवीस-तीस सेंट, साध्या गोष्टींची त्याहून कमी. म्हणजे ब्रॉडवेपासून शेकडो मैल लांब, शेतावर राहणारी बाईदेखील चिठ्ठी पाठवून शहरातला फ्रॉक आपल्या मापात मागवू शकत होती. हे छोटं काम नव्हे. मी जेव्हा जेव्हा या माणसावर चिडते, तेव्हा त्या शेतावरच्या बाईची आठवण काढते.

चिडायचं कारण असं, की तेरा मापं म्हणजे तेरा बायका. चौदावीनं काय करायचं? तर कागद बदलायचा. ३८ छातीच्या दोघी बायका सारख्या नसतात हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक असतं, बटरिकलाही होतंच. म्हणून मापवार पॅटर्ननं डोकेफोड संपवली नाही, ती कमी केली. आधी सगळा कागद बदलावा लागे, आता दोन-तीन ठिकाणी.

त्या दोन-तीन जागा कुठल्या, हे शामांयनं मला ज्या पद्धतीनं दाखवलं ते इथे लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल. वरच्या कपड्याचा कागद निवडताना कंबरेकडे बघायचंच नाही. कंबर कधीही आत-बाहेर करता येते. गळा, तीरा आणि मुंढा बसला पाहिजे, तो भाग नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं. छाती भरलेली असेल तर काखेखालून, छातीच्या वरच्या बाजूनं टेप फिरवून येईल त्या मापाचा कागद घ्यावा. खांदा बरोबर बसतो. मग टक्सच्या टोकापाशी कागद चिरून उघडायचा आणि लागेल तेवढी जागा करायची. धड लांब असेल तर खालून पट्टी जोडू नये. छाती आणि कंबर यांच्या मध्ये कागद आडवा कापून तुकडे लांब करायचे आणि खाली दुसरा कागद चिकटवायचा. धड आखूड असेल तर त्याच जागी आडवी घडी घालायची. खालून कापलं तर कंबरेचा बाकच निघून जातो. हे सगळं आधी मांजरपाटावर करून बघायचं, चांगल्या कापडाला हात नंतर. आणि शिवणीत माया भरपूर ठेवायची. (बेतताना जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. इंग्रजीच्या तासाला मी ह्या शब्दासाठी तोडीचा शब्द शोधला, मिळाला नाही.)

बटरिकच्या धंद्याचं पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते बरंचसं हिशेबाच्या वह्यांचं आहे. १८६७ मध्ये त्यानं जे. डब्ल्यू. वाइल्डर आणि ए. डब्ल्यू. पोलार्ड यांच्याबरोबर भागीदारी केली आणि ई. बटरिक अँड कंपनी उभी राहिली. वाइल्डर हा विक्रीत मुरलेला गडी. पॅटर्न खपवायचे तर ते दाखवायला मासिक हवं हे या मंडळींनी ओळखलं. सुरुवातीच्या एक-दोन अंकमालांनंतर १८७३ मध्ये डिलिनिएटर सुरू झालं. ते अमेरिकेतलं बायकांचं एक मोठं मासिक ठरलं. त्यात फॅशनच्या चित्रांबरोबर गोष्टी आणि लेखही येऊ लागले. आपल्या मंडळाच्या वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, सिस्टर कॅरी ही कादंबरी लिहिणारा थिओडोर ड्रायझर १९०७ पासून काही वर्षं याच मासिकाचा संपादक होता. कपड्यांच्या मोहात वाहत जाणाऱ्या मुलीवर कादंबरी लिहिणारा लेखक फ्रॉकचे पॅटर्न विकणारं मासिक चालवत होता! यावर कुणीतरी सेमिनार पेपर लिहायला हवा. १८७६ पर्यंत लंडन, पॅरिस, बर्लिन आणि व्हिएन्नात कंपनीच्या शाखा निघाल्या. पॅरिसची फॅशन अमेरिकेत येण्याचा रस्ता आता दोन्ही बाजूंनी वाहू लागला.

डेमोरेस्टबाई आणि बटरिक यांच्यात आधी कोण, हा वाद अभ्यासक अजून घालतात. माझ्या मते तो फारसा अडचणीचा नाही. घराघरांत पूर्ण आकाराचा टिश्यू पेपरचा पॅटर्न पोहोचवला डेमोरेस्टबाईंनी. त्याला मापांची शिडी लावून धंदा उभा केला बटरिकनं. पण दोघांचं एकदम बघितलं की एक गोष्ट नजरेत भरते. डेमोरेस्टबाईंचं नाव त्यांच्या दुकानावर आणि मासिकावर ठळक होतं. एलेन बटरिकचं नाव कशावरच नव्हतं. ई. बटरिक यातला ई एबेनेझरचा. तो एलेनचाही असू शकला असता, हे मला हा लेख लिहिताना लक्षात आलं.

स्वतः एबेनेझर हळूहळू मागे सरकला. १८८१ मध्ये कंपनीची नव्यानं मांडणी झाली, बटरिक पब्लिशिंग कंपनी असं नाव झालं. वाइल्डर पुढे आला आणि बटरिक सेक्रेटरीच्या जागेवर राहिला, तो १८९४ पर्यंत. ३१ मार्च १९०३ रोजी ब्रुकलिनमध्ये तो वारला. वय ७६.

त्याच्या काळातले पॅटर्न आज फार थोडे उरलेत. पातळ कागद, त्यात टाचण्या, कात्री, दहा घड्या. वापरला तो फाटलाच. अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठात जुन्या पॅटर्नचा मोठा संग्रह आहे. अशा ठिकाणी न वापरलेले कागद जास्त टिकतात, हे उघडच आहे. पण मला बघायला आवडेल तो वापरलेला. ज्यात कुणीतरी मधोमध आडवी चीर देऊन वर्तमानपत्राची पट्टी जोडली आहे, असा.

माझ्या फ्रॉकचं पुढे असं झालं. शामांयनं मला अर्ध्या पाठीचा कागद खाकी कागदावर दोनदा आखायला लावला, एकदा सुलटा, एकदा उलटा, आणि मधोमध चिकटवून पूर्ण पाठ करवून घेतली. पुढ्याचंही तसंच. डाव्या तीऱ्याच्या बाहेरच्या टोकाला अर्धा इंच खाली खूण केली आणि तिथून गळ्याकडे शून्यावर येणारी रेषा ओढली. मी लगेच कात्री घेतली, तर तिनं हात धरला. खांदा अर्धा इंच उतरवला तर मुंढाही खालून तेवढाच उतरवायचा, नाहीतर काखेत काचतो. तसं केलं. मग कापड दुहेरी न घालता एकेरी पसरलं, ज्यासाठी ते तीन मीटरऐवजी साडेतीन मीटर लागलं, आणि वाढीव अर्ध्या मीटरवरून ममीची थोडी बोलणी खाल्ली.

ईस्टरला घातला. तिरकी घडी गेली. काम झाल्यावर शामांयनं कागद गोळा केले, भोक पाडून खिळ्याला लावले आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. मी नाव लिहिलं आणि खाली, बटरिकसाहेबांच्या मानासाठी, छातीचं मापही.